स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर स्कोप: कोणता घ्यावा, बसवावा कसा आणि झिरो टिकत का नाही?

हिरवागार_मळा

नमस्कार मंडळी. ०.१७७ इंच बोअरची स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल (नळी मोडून भरायची) एअर रायफल आहे. शेतावर मातीच्या बांधापुढे १० ते ३० मीटरवर कागद आणि रिकामे डबे, एवढाच वापर. सोबत आलेला ४×३२ (४ पट मोठं दाखवणारा, ३२ मिमी भिंगाचा) स्कोप झिरो धरत नाही, म्हणजे एकदा जुळवलेला नेम टिकत नाही. आज केंद्रात लागतं, पुढच्या रविवारी दोन इंच खाली. दुकानात ६-२४×५० पुढे करतात, "मोठा घ्या, लांबचं दिसेल" म्हणतात.

विचारायचं ते असं: रिंगांसकट आठ-दहा हजारांत कोणत्या प्रकारचा स्कोप घ्यावा? घरी बसवायचा तर क्रम काय? आणि गाव घाटाच्या तोंडाशी आहे, चार महिने सगळं ओलं. भिंगांचं काय करायचं?

छर्रेवाला

६-२४×५० घेऊ नका. सविस्तर लिहिणारे येतीलच.

दट्ट्या_आणि_स्प्रिंग

आलो.

स्प्रिंगरचा धक्का दुहेरी असतो. चाप ओढला की दट्ट्या पुढे सुटतो आणि रायफल मागे येते. मग दट्ट्या सिलिंडरच्या टोकाशी दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो, तेव्हा रायफल झटक्यात पुढे जाते. हा दुसरा झटका पहिल्यापेक्षा कडक असतो. बंदुकीच्या स्कोपची आतली रचना मागे येणाऱ्या धक्क्याच्या हिशोबाने केलेली असते. उलटा झटका बसत राहिला की आतली इरेक्टर नळी (नेम जुळवताना हलणारी) जागची हलते, रेटिकलची (नेमाच्या फुलीची) तार तुटते किंवा भिंगाची कडी सैल होते. त्यामुळे मोठ्या बोअरच्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकलेला महागडा स्कोपसुद्धा स्प्रिंगरवर लवकर खलास होऊ शकतो. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'स्प्रिंग एअरगनसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर पैसे देऊ नका. गॅस रॅमलाही (स्प्रिंगेऐवजी गॅसचं नळकांडं) हेच लागू. पीसीपीला (आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी) धक्का जवळपास नसतोच, तिथे ही अट नाही.

पण मळेवाले, तुमचा स्कोपच गेलाय असं मी अजून म्हणणार नाही. आधी हे तपासा, याच क्रमाने:

दस्त्याचे स्क्रू. पुढचे दोन बाजूचे आणि चापाच्या कड्याचा. स्प्रिंगरवर हे सैल होणारच.
नळीचा पिव्होट बोल्ट, म्हणजे ज्यावर नळी मोडते तो. रायफल कॉक करून नळी डावी-उजवीकडे हलवून पाहताना बोटं आणि चाप दोन्ही सांभाळा, नळी घट्ट धरूनच ठेवा. खेळ लागला की बोल्ट आवळायचा.
माउंट, म्हणजे स्कोप रायफलीला धरणारी पकड. त्याच्या पुढच्या कडेला रेलवर (रायफलीवरच्या पट्टीवर) पेन्सिलीची बारीक रेघ मारा, आणि रिंगेच्या मागच्या कडेला स्कोपच्या नळीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. ५० छर्रे झाडा. रेघ आणि माउंट यांच्यात फट दिसली तर माउंट सरकतंय. चिकटपट्टीपाशी फट दिसली तर स्कोप रिंगेत सरकतोय.
हे सगळं ठीक निघालं तरच स्कोपवर संशय घ्यायचा.

छर्रेवाला

आणि छर्रे बदलून पाहिले का तेही सांगा. एकाच डब्यातले स्कर्ट (मागची पातळ कड) दबलेले छर्रे वेगळे काढा. ते कुठेही जातात आणि शिव्या स्कोपला बसतात.

भिंगदर्शी

स्कोप निवडताना सगळे पटीच्या (किती पट मोठं दिसतं त्याच्या) मागे लागतात. १० ते ३० मीटरला कळीचा मुद्दा पॅरलॅक्सचा आहे. बंदुकीच्या बहुतेक स्कोपांचा पॅरलॅक्स १०० यार्डांवर कायमचा बांधलेला असतो, २२ रिमफायरवाल्यांचा साधारण ५० वर. त्याहून जवळ पाहिलं की चित्र धूसर होतं आणि डोळा किंचित हलला तरी फुली टार्गेटवर सरकते. चूक किती, त्याचा हिशोब सोपा आहे: पुढच्या भिंगाचा व्यास × (बांधलेलं अंतर वजा टार्गेटचं अंतर) भागिले (२ × बांधलेलं अंतर). ४० मिमी भिंग, १०० यार्डांवर बांधलेलं, टार्गेट १० यार्डांवर: ४० × ९० ÷ २०० = १८ मिमी. ही कमाल चूक, डोळा पार कडेला गेला तर. गाल दर वेळी एकाच जागी टेकत असेल तर बरीच कमी होते. पण डब्याच्या झाकणावर नेम धरायचा असेल तर १८ मिमी म्हणजे सगळंच.

म्हणून एओ, म्हणजे पुढची कडी फिरवून अंतर जुळवता येणारा, किंवा साइड फोकसवाला घ्या. कडीवर सर्वांत कमी आकडा १० यार्ड किंवा त्याखाली हवा. काहींचा २५ वर थांबतो, ते तुमच्या कामाचे नाहीत.

पट ३-९ किंवा ४-१२, भिंग ४० मिमी. बस्स. भिंगाचा व्यास भागिले पट म्हणजे डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास. ४० ला ९ ने भागलं तर साडेचार मिमी, ठीक. ५० ला २४ ने भागलं तर जेमतेम दोन मिमी. डोळा केसभर हलला की काळोख, शिवाय हृदयाचे ठोकेसुद्धा फुलीवर दिसतात.

दट्ट्या_आणि_स्प्रिंग

+१. आणि वजन! ६-२४×५० मधले कित्येक स्कोप पाऊण किलोच्या आसपास जातात. स्प्रिंगरवर जेवढा स्कोप जड तेवढा माउंटवर ताण. ५०० ग्रॅमच्या आत राहा.

सह्याद्रीचा_पाहुणा

भिंगदर्शींशी थोडा असहमत. ३० मीटरपर्यंतच मारायचं असेल तर २-७×३२ एओ मिळाला तर सर्वांत उत्तम. हलका, आखूड, नळी मोडून छर्रा भरताना मध्ये येत नाही. ४० मिमीची घंटा (स्कोपचं पुढचं फुगीर तोंड) ब्रीचवर, म्हणजे छर्रा भरायच्या जागेवर, आली की जाड बोटांच्या माणसाची पंचाईत होते.

भिंगदर्शी

मान्य, पण आपल्याकडे त्या मापाचा एओ सहज हाती लागत नाही, म्हणून लिहिला नाही.

दुकानात तपासायचं ते असं: खिडकीच्या गजांकडे पाहा, कडेचे गज वाकडे दिसतात का. पट कमी-जास्त करताना फुली एका बिंदूवर ठेवा, ती सरकली तर तो स्कोप परत. टरेटचा (नेम जुळवायच्या बटणाचा) प्रत्येक क्लिक बोटाला वेगळा जाणवला पाहिजे. कानाशी हलवून खुळखुळ ऐका. मग पुढून टॉर्च मारून मागून पाहा, आत धूळ किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आणि मोठ्या ब्रँडचं नाव हजार-पंधराशेला मिळत असेल तर ते फक्त नावच असतं.

ह्यूस्टनकर

इथे ०.३०८ च्या काडतुसाच्या रायफलीवर स्कोप बसवताना आम्ही रिंगा पिकॅटिनी रेलच्या (आडव्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत पुढे ढकलून मग आवळतो, म्हणजे धक्क्याने त्या आणखी सरकत नाहीत. तेच करा. आणि डोळ्यापासून ९० मिमी तरी अंतर ठेवा, नाहीतर भुवईवर अर्धचंद्र उमटतो.

दट्ट्या_आणि_स्प्रिंग

ह्यूस्टनकर, ०.३०८ साठी अगदी बरोबर. स्प्रिंगरवर मात्र उलटं. तुमची रायफल मागे जाते, स्कोप जडत्वाने जागीच राहू पाहतो, म्हणजे रेलच्या मानाने पुढे सरकतो. स्प्रिंगरचा कडक झटका पुढचा असतो, त्यामुळे स्कोप रेलच्या मानाने मागे सरकतो. म्हणून रिंगा खाचेत मागे ढकलून आवळायच्या, आणि डव्हटेल (दोन्ही कडांना तिरक्या खाचा असलेली रेल) असेल तर स्टॉप पिन (माउंट सरकू न देणारी खिळी) मागच्या माउंटला.

ह्यूस्टनकर

अरे हो, पटलं. वरचा सल्ला फक्त बंदुकीपुरता वाचावा.

ओळंबा

आता बसवण्याचा क्रम.

आधी रेल ओळखा. स्प्रिंगरवर बहुधा ११ मिमीची डव्हटेल असते, पण '११' हा नुसता बोलायचा आकडा. प्रत्यक्षात साडेनऊपासून तेरापर्यंत काहीही सापडतं आणि खाचेचा कोनही वेगळा. व्हर्नियरने मोजा. माउंटचे दात खाचेत पूर्ण बसले पाहिजेत. नुसत्या कडेवर टेकले तर ॲल्युमिनियम खात जातात आणि आयुष्यभर सरकतात. पिकॅटिनी असेल तर खाच ५.२३ मिमी, वीव्हरची ४.५७. वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर बसते, उलटं बसत नाही.

मग:

१. रेल, माउंटचा तळ, रिंगांची आतली बाजू आणि स्कोपची नळी आयसोप्रोपाइलने पुसून तेल घालवा. तेलकट रेलवर कितीही आवळा, सरकणारच.
२. माउंट रेलवर बसवा. स्टॉप पिन रिसीव्हरवरच्या भोकात उतरली पाहिजे, नुसती पृष्ठभागावर टेकली तर चरे पाडते.
३. स्कोप खालच्या अर्ध्या रिंगांत ठेवा, वरच्या टोप्या सैल लावा. रिंग टरेटच्या खोक्याला किंवा पटीच्या कडीला चिकटू नये, तीन-चार मिमी मोकळे सोडा.
४. पट सर्वांत जास्त ठेवा (तेव्हाच डोळ्याचं अंतर सर्वांत कमी असतं), डोळे मिटून गाल दस्त्यावर टेका, डोळे उघडा. पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे.
५. रायफल बाकावर पक्की धरून पाणसळीने सपाट करा. १०-१५ मीटरवर पांढऱ्या दोरीला वजन बांधून ओळंबा सोडा. उभी तार दोरीशी जुळवा.
६. टोप्यांचे स्क्रू तिरके-तिरके, दर वेळी पाव फेरा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे.

आवळायचं किती: टोप्यांना १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर. डव्हटेलच्या पकड-स्क्रूंना २० ते २५. टॉर्क ड्रायव्हर नसेल तर ॲलन कीची आखूड बाजू दोन बोटांत धरून जेवढं जाईल तेवढं. लांब बाजूने पिळाल तर स्कोपची नळी चेपते, पटीची कडी जाम होते, किंवा ॲल्युमिनियमचे आटे निघून हातात येतात.

निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावायचा तर फक्त माउंटच्या स्क्रूंना, एक थेंब. टोप्यांना नको. ओल्या आट्यांवर घर्षण कमी होतं आणि तोच टॉर्क जास्त आवळतो, हे लक्षात ठेवून थोडं कमीच करा.

मिश्कीलराव

पाणसळ, ओळंबा, व्हर्नियर... स्कोप बसवताय की वास्तुशांत आहे? हलके घ्या.

ओळंबा

रावसाहेब, फुली ५ अंश तिरकी राहिली तर हिशोब करा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, २४० मीटर प्रति सेकंद. ५० मीटरला जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून पाव मीटरहून थोडा जास्त खाली येतो. त्याला ५ अंशांच्या साइनने गुणलं की जवळजवळ अडीच सेंटीमीटर आडवी चूक. २५ मीटरला ती अर्ध्या सेंटीमीटरवर येते, म्हणून बऱ्याच जणांना कळतच नाही आणि अंतर वाढवलं की वाऱ्याला दोष देतात.

मिश्कीलराव

वास्तुशांत मान्य. जेवण कधी?

सह्याद्रीचा_पाहुणा

एकसंध माउंट की दोन रिंगा, यावर कोणी बोललं नाही. स्प्रिंगरला एकसंध. पकड लांब, स्क्रू जास्त, दोन्ही रिंगा आपोआप एका रेषेत. तोटा एवढाच की स्कोप पुढे-मागे करायला जागा कमी.

दट्ट्या_आणि_स्प्रिंग

सहमत. दोन रिंगा घेतल्याच तर लॅपिंगची (रिंगा आतून घासून एका रेषेत आणायची) भानगड येते.

आणखी एक दुखणं: ब्रेक बॅरलची नळी पुष्कळदा किंचित खाली झुकलेली असते. मग झिरो आणायला उंचीचा टरेट वर-वर न्यावा लागतो. शेवटाच्या जवळ गेलात की आतली इरेक्टर स्प्रिंग ढिली पडते, आणि प्रत्येक छर्र्याला इरेक्टर नळी वेगळ्या जागी बसते. हाच तो 'झिरो धरत नाही' आजार, आणि नवीन स्कोप घेऊनही तसाच राहतो.

उपाय: टरेट दोन्ही टोकांपर्यंत फिरवून एकूण क्लिक मोजा आणि निम्म्यावर आणा. आता २५ मीटरवर मारा. किती खाली लागतं ते मोजा. रिंगांमधलं अंतर १०० मिमी धरलं तर मागच्या रिंगेखाली ०.१ मिमीची पट्टी घातल्यावर नेम १ मिलिरेडियन वर जातो, म्हणजे २५ मीटरला २५ मिमी. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीच असतो. रिंगेच्या रुंदीची पट्टी कापा, कडा घासा, खालच्या अर्ध्या रिंगेत ठेवा. दोन पट्ट्यांपर्यंत ठीक. त्याहून जास्त लागत असेल तर स्कोपची नळी वाकेल, उतार दिलेला किंवा जुळवता येणारा माउंटच घ्या.

नवखा_नेमबाज

वाचनखूण साठवली आहे. झिरो करताना सुरुवात किती अंतरावर? आणि क्लिक म्हणजे नेमकं किती?

भिंगदर्शी

पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक १०० मीटरला साधारण ७.३ मिमी, २५ ला १.८, १० ला ०.७. टरेटवर ०.१ मिल (मिलिरेडियन) लिहिलं असेल तर १०० ला १० मिमी, २५ ला अडीच, १० ला एक. १० मीटरवर २० मिमी खाली लागलं तर पाव एमओएचे २७ क्लिक वर. १० वर कागदावर आणा, मग २५ वर पाच-पाचच्या गटांनी. एका छर्र्यावर टरेट फिरवायचा नाही, गटाचा मध्य पाहायचा.

त्याआधी मागची भिंगाची कडी: पांढऱ्या भिंतीकडे पाहा, फुली बघता क्षणी धारदार दिसेपर्यंत फिरवा. एकटक पाहत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो.

स्कोप नळीच्या ४५ मिमी वर, वेग २४०, झिरो २५ मीटर, असं धरलं तर छर्रा नजरेची रेषा १७ मीटरच्या आसपास पहिल्यांदा ओलांडतो. १७ ते २५ मध्ये फरक दोन मिमीच्या आत. १० मीटरवर साधारण १२ मिमी खाली, ३० वर ८ मिमी, ३५ वर दोन सेंटीमीटरहून थोडं जास्त. तुमच्या रायफलीचे आकडे कागदावर मारून काढा आणि झाकणाच्या आत चिकटवा.

मिल-डॉट (फुलीवर मोजमापाचे ठिपके) असेल तर एक सूचना: आपल्या बजेटमधले जवळपास सगळे स्कोप दुसऱ्या फोकल प्लेनचे. ठिपक्यांतलं अंतर एकाच पटीवर खरं असतं, बहुधा १० किंवा सर्वांत मोठ्या. पट बदलली की ठिपक्याचं मोलही बदललं.

छर्रेवाला

टरेट खरे आहेत का, ते चौकोन मारून बघता येतं. २५ मीटर, नेम कायम एकाच ठिपक्यावर. एक गट, २० क्लिक वर, गट, २० उजवीकडे, गट, २० खाली, गट, २० डावीकडे, गट. बाजू ३६ मिमीच्या आसपास यायला हवी आणि शेवटचा गट पहिल्यावर पडायला हवा. बाजू ३० आली तरी चालेल, तेवढं लक्षात ठेवायचं. पण पहिल्यावर परत आला नाही तर तो स्कोप बाद.

करवीरकन्या

एवढी यातायात करताय आणि आमच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य स्कोपशिवाय आणलं :)

सह्याद्रीचा_पाहुणा

ताई, त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही. मागे डायॉप्टरचं बारीक भोक, पुढे कडी. १० मीटर एअर रायफललाही तेच, आणि तिथला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. कोणाच्या मुला-मुलीला स्पर्धेत उतरायचं असेल तर स्कोपचा नाद लावू नका, पहिल्या दिवसापासून डायॉप्टर. श्वास, चाप आणि गालाची जागा हे दुर्बिणीतून शिकता येत नाही.

पारध_करू_का

माझ्या बागेत कबुतरं फार...

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादातला पुढचा मजकूर काढला आहे. ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याशिवाय ठेवता येते, म्हणून ती पक्ष्या-प्राण्यांवर चालवायची मुभा मिळत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा एअरगनलाही लागू आहे. धागा कागदी टार्गेटपुरता ठेवावा.

आंबोलीकर_आजोबा

पावसाळ्याचं मी सांगतो. बुरशीला अंधार, कोंदट हवा आणि ७० टक्क्यांवरची आर्द्रता लागते. फोमची पेटी आणि रेक्झिनचं कव्हर या तिन्हींची सोय करतात. जून ते ऑक्टोबर रायफल कव्हरमध्ये ठेवू नये.

स्कोप काढून ठेवलात तर झिरो पुन्हा करावा लागेल, पण भिंग वाचतं. रबरी कडेचा हवाबंद डबा, २०-२५ लिटरला पाव किलो सिलिका जेल, आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोनेक तास. निळ्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. कोबाल्ट नसलेलं नारिंगी मिळालं तर ते घ्या.

शूटिंग करून आल्यावर झाकणं लगेच लावू नका, आतली वाफ कोंडते. पंख्याखाली तासभर उघडा राहू द्या, मग डब्यात.

पुसायचं तर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी लेन्सच्या कागदावर आयसोप्रोपाइलचा एक थेंब, मध्यापासून कडेकडे गोल. शर्टाचं टोक, रॉकेल, बंदुकीचं तेल यांपैकी काहीही भिंगाला लागता कामा नये. चार धुळीचे कण असले तर असू द्या, दिसत नाहीत. ते घासून काढताना कोटिंगवर उमटलेले ओरखडे मात्र दिसतात.

बुरशी आत गेली असेल तर घरी उघडू नका. आत भरलेला नायट्रोजन निघून गेला की पुढच्या पावसात आत धुकं धरणारच.

ह्यूस्टनकर

आजोबा, दंडवत. भर घालतो: स्कोप उन्हात गाडीच्या काचेमागे झाकणाशिवाय ठेवू नका. सूर्य समोर आला तर भिंगातून आतलं रेटिकल जळू शकतं. त्यातून सूर्याकडे पाहायचं नाही हे सांगायला नकोच.

हिरवागार_मळा

सर्वांचे मनापासून आभार. दट्ट्यादादांच्या क्रमाने तपासलं. दस्त्याचा पुढचा उजवा स्क्रू हाताने फिरत होता. माउंटच्या पुढे रेलवर तीन मिमी घासल्याची खूण आहे, म्हणजे माउंट मागे सरकलंय. स्टॉप पिन आहे, पण माझ्या रायफलीच्या रेलवर तिच्यासाठी भोकच नाही. ड्रिलने पाडू का?

दट्ट्या_आणि_स्प्रिंग

अजिबात नाही! रेलच्या खाली दट्ट्याचा सिलिंडर आहे. भोक आरपार गेलं, किंवा आत बारीकसा उंचवटा आला तरी सील फाटेल.

वेगळा स्टॉप ब्लॉक मिळतो, डव्हटेलवर बसणारा छोटा ठोकळा. तो माउंटच्या मागे अगदी टेकवून आवळा, २५ इंच-पाउंड. पिन माउंटमधून काढून टाका किंवा पूर्ण वर घ्या, नाहीतर ती टेकून माउंट रेलवर तिरकं बसेल. रेल आधी आयसोप्रोपाइलने पुसा, दस्त्याच्या स्क्रूंना निळ्याचा एकेक थेंब. सध्याच्या ४×३२ वरच ५० छर्रे मारून पाहा. रेघ हलली नाही आणि गट एकाच जागी राहिला तर नव्या स्कोपची घाई नाही, आधी चांगला एकसंध माउंट घ्या.

छर्रेवाला

आणि ब्लॉक घेताना रेलचं माप व्हर्नियरने घेऊन जा. दुकानातला '११ मिमी' विचारून आणू नका.